उन्हावर चालणारा आवाज

आमच्या आईचा आवाज गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लोक आईबद्दल बोलायला लागले की तिचा आवाज उगाच मधाळ करून टाकतात. आमच्या आईचा आवाज फाटका होता, चिरका होता आणि लांबवर जाणारा होता. आणे पठारावर आमची वस्ती. वस्तीपासून रान तीन बांध पलीकडे, मध्ये एक टेपाड, त्यामुळे घरातून रान दिसत नाही. पण बाजरीत दाणा भरला आणि आई पाखरं राखायला उभी राहिली की तिची हाक थेट स्वयंपाकघरात यायची. "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!" शेजारच्या काकू त्या हाकेवर कुकर लावायच्या. आईनं पहिली हाक दिली म्हणजे नऊ वाजले, आणि शेवटची दिली म्हणजे दिवस मावळला, असा सगळ्या वस्तीचा हिशेब होता.

वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दादा अकराचा. आई कधी आम्हाला जवळ घेऊन रडली वगैरे नाही. ती दुसऱ्या दिवशी रानात गेली. मला नर्सिंगला घालायची वेळ आली तेव्हा भावकीतले सगळे नको म्हणत होते. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊंद्या तिला. हितं ऱ्हाऊन माझ्यावानी पाखरं हाकत बसंल." विषय संपला. तिच्यापुढे विषय असेच संपायचे.

पुढे माझं लग्न झालं आणि मोडलंही. त्यात मी फार शिरत नाही, माझं डोकं फिरतं. मंचरला हायवेलगतच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. लेक दीड वर्षाची होती. तिला मी आईकडे ठेवलं. "थोड्या दिवसांसाठी" असं म्हणाले होते. ते थोडे दिवस अकरा वर्षं चालले. आईनं मला एकदाही विचारलं नाही, कधी नेतेस म्हणून. लेकीनं विचारलं होतं, सात-आठ वर्षांची असताना. मी म्हणाले, मोठी खोली मिळाली की. नंतर तिनंही विचारणं सोडलं.

तर त्या पोरीला आईनं वाढवलं. माझ्या वाट्याला जो लाड कधी आला नव्हता तो सगळा तिच्या वाट्याला आला, आणि मी खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग यायचा. मी महिन्यातून दोनदा जायचे तेव्हा दोघी एका ताटात जेवत असायच्या. आई तिला भाकरीचा पापुद्रा काढून द्यायची, आणि खालचा जाड भाग स्वतः खायची. मी म्हणायचे, "आई, आम्हाला नाही कधी पापुद्रा दिलास." आई म्हणायची, "तुमी दोगं व्हता. एका भाकरीला दोन पापुद्रं येत्यात व्हय?"

मग सत्तरीनंतर आईचे गुडघे गेले. बाजरीत चार मेढी रोवून केलेला माळा असतो, त्यावर चढून उभं राहायचं, हातात गोफण, आणि दिवसभर ओरडायचं. हे तिला झेपेना. ती लिंबाच्या बुंध्याशी बसून ओरडायला लागली. दादानं आळेफाट्याहून एक भोंगा आणला. हल्ली सगळीकडे मिळतो तसा. वर हातभर सोलरची पाटी, खाली भोंगा. ऊन पडलं की आपोआप चालू होतो आणि ऊन गेलं की गप्प होतो, बटण एकदा लावून ठेवलं की झालं. त्यात आधीच भरलेला आवाज होता. कोणीतरी हिंदीत "भागो भागो" ओरडायचं आणि मागे कुत्रं भुंकायचं. आईनं ते ऐकलं आणि दादाकडे असं बघितलं की दादा बिचारा बारीक झाला. "आपल्या चिमण्यांना हिंदी कळतं का रं?"

लेक तेव्हा बारा वर्षांची. तिला असल्या गोष्टींत भारी गती. तिनं ते हिंदी पुसलं, आजीला अंगणात उभं केलं, आणि भोंग्यावरचं बारकं बटण दाबून म्हणाली, "आजी, ओरड." आई लाजली. सगळ्या पठारानं जिची हाक ऐकलेली ती बाई अंगणात लाजून उभी! मग ओरडली, तीनदा. तिसऱ्या हाकेच्या शेपटाला आमचा कोंबडा आरवला तोही त्यात आला. पोरगी म्हणाली, परत करू. आई म्हणाली, "ऱ्हाऊंदे की. त्येलाबी बोलू दे."

भोंगा लिंबाला टांगला. पण आईनं तो कधी लावला नाही. पोरगी रोज विचारायची, "आजी, आज लावलास का?" आई म्हणायची, "त्याला काय दिसतंय पाखरू कुठं बसलं त्ये? मी बसलीये की हितं धडधाकट." पोरगी हिरमुसायची. हे फोनवर मला दोघीही सांगायच्या, एकमेकींची तक्रार म्हणून.

तो रविवार होता. दादा आणि वहिनी वहिनीच्या माहेरी गेले होते. घरी पोरगी एकटी, आई रानात. मला दिवसपाळी होती. दुपारी एक वाजता डबा खाताना मी आईला फोन केला. तिनं उचलला नाही. त्यात नवल नव्हतं, तिचा फोन बहुतेकदा पिशवीत तळाला असायचा. मी लेकीला लावला. आजी कुठंय विचारलं.

"रानात. ओरडतीये, ऐक," म्हणाली आणि तिनं फोन खिडकीबाहेर धरला.

मी ऐकलं. "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा. मग कोंबडा आरवला. मी हसले. म्हणाले, "तुमच्या कोंबड्याचं घड्याळ बिघडलंय का गं?" तीही हसली. मी डबा धुतला आणि कामाला लागले.

दिवस मावळताना हाका थांबल्या. आई घरी आली नाही. दादा नुकताच परतला होता, तो बघायला गेला. आई लिंबाखाली आडवी होती. पडलेली नव्हती, नीट झोपल्यासारखी होती. पदराची घडी करून डोक्याखाली घेतलेली. शेजारी फडक्यात भाकरी, गाठ न सोडलेली.

मी दवाखान्यातल्या एकाच्या गाडीनं पोचले तोवर तिला घरात आणून ठेवलं होतं. बायकांचं रडणं चाललं होतं. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला, आणि तो कोपरात वाकेना. हनुवटीला हात लावला, तीही घट्ट. इतक्या वर्षांत मी किती माणसं धुतलीत, कापसात बांधलीत. हात असा व्हायला किती तास लागतात ते माझ्या बोटांना माहीत आहे. म्हणजे ती जाऊन बरेच तास झाले होते. दादालाही उचलताना हे जाणवलं असणार, पण त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

आणि त्याच वेळी मागे लेक कोणाला तरी सांगत होती, "संध्याकाळपर्यंत ओरडत होती आजी. मी ऐकलं ना." बायका म्हणत होत्या, "पुण्यवान गं बाई. हाक देता देता गेली."

मला काहीच कळेना. माझ्या डोक्यात तेव्हा भोंगा आलाच नाही. आई तो लावत नाही, हे पक्कं बसलं होतं. मला वाटलं माझीच बोटं चुकतायत. मी तो हात पुन्हा पुन्हा वाकवून बघत राहिले. एक म्हातारी मला म्हणाली, "पुरे बाय, आता तिला दुखवू नको."

दोन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या दिवशी पुरुष मंडळी सावडून परत आली. अंगणात सगळे चहाला बसले होते. दहाच्या सुमारास ऊन पडलं, आणि टेपाडाच्या पलीकडून आई ओरडली.

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!"

मी हे साठ माणसांसमोर घडलेलं सांगतेय. कोणी कप खाली ठेवला नाही, कोणी तोंडाला लावला नाही. काकूंनी पदर तोंडात कोंबला. दुसरी हाक आली. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. तिसरी आली, आणि तिच्या शेपटाला कोंबडा आरवला. आमचा खरा कोंबडा तर समोर उकिरड्यावर उभा होता, चोच मिटून.

तेव्हा मला सगळं कळलं. एक वाजता मी डबा खाताना ऐकलं ते हेच. आईला त्या दिवशी सकाळी बरं वाटत नसणार. छातीत दुखलं असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल. जरा पडावं म्हणाली असेल, आणि पाखरं पडू नयेत म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते बटण लावलं. आणि पदराची घडी केली. मग तिच्याच आवाजानं दिवसभर सगळ्या वस्तीला सांगितलं, मी बरी आहे, मी हितं आहे. कोणी गेलं नाही बघायला. जायचं कशाला?

मी लेकीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पांढरीफटक. माझ्या मनात एकच आलं, हिला हे कळता कामा नये. बारा वर्षांची पोर दिवसभर घरात होती, आजी तीन बांधांवर, आणि हिनंच तो आवाज भरलेला. हे ओझं घेऊन ती कशी जगणार? मी मोठ्यानं म्हणाले, "घाबरताय काय? तो भोंगा आहे. मीच काल लावून आले. पाखरं पडली होती बाजरीवर."

दादा म्हणाला, "अगं, मग सांगायचं तरी!" लोकांनी श्वास सोडला. कोणी माझ्यावर चिडलंही, सुतकात कसलं बाजरीचं सुचतं म्हणून. मी ऐकून घेतलं. लेक माझ्याकडे बघत होती.

मी लावला म्हटल्यावर तो बंद करायचं कोणाच्या मनात येईना. बाजरी खरंच पिकली होती. आईचं पीक पाखरांना घालणं बरं दिसलं नसतं. त्यामुळे पुढचे पंधरा दिवस, काढणीपर्यंत, आई रोज ऊन पडलं की ओरडायची आणि ऊन गेलं की थांबायची. ढग आला तर मध्येच हाक तोडायची. काकूंनी दहाव्याच्या आधी दादाला येऊन सांगितलं, "तिचा जीव अडाकलाय रं त्यात. मोकळी कर तिला." आणि तरी, त्याच काकू पुन्हा त्या हाकेवर कुकर लावायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. कोणीतरी लिंबाच्या बुंध्याशी भाकरी ठेवून जायचं. काढणीला आलेल्या बायकांनी मात्र साफ सांगितलं, तो बंद केल्याबिगर आमी विळा धरणार न्हाई. त्या दिवशी दादानं भोंगा काढून घरातल्या माळ्यावर टाकला.

लेकीला मी मंचरला आणलं. मोठी खोली मिळाली नव्हतीच, त्याच खोलीत आणलं. ती शाळेत जायची, यायची, माझा डबा भरून द्यायची, सांगितलेलं सगळं करायची. इतकी शहाणी की मला भीती वाटायची. रात्रपाळीला निघाले की दारात येऊन विचारायची, "सकाळी येशील ना?" आजीबद्दल एक अक्षर नाही. मीही तिचा विषय काढायचे नाही. आम्ही दोघी तिच्या बाजूबाजूनं चालायचो, घरात झोपलेलं माणूस असावं तसं.

मला मात्र आई सगळीकडून ऐकू यायची. हायवेवर कांद्याचा ट्रक लांबून हॉर्न देत आला की दुसऱ्या हाकेची मी वाट बघायचे. वॉर्डात एखादी म्हातारी "सिस्टर" म्हणून ओरडली की माझ्या पाठीतून कळ जायची. ऊन निघालं की कान टवकारायचे, ढग आला की खिडकीशी जाऊन उभी राहायचे. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मला ते हवं होतं. मी पुढच्या बाजरीची वाट बघत होते. दादा भोंगा परत टांगेल, ऊन पडेल, आणि मी टेपाडावर बसून आईला ऐकेन, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तिचा फोटो मी कधी काढून बघितला नाही, पण तो आवाज मला परत पाहिजे होता.

यंदा बाजरीत दाणा भरला तशी मी रजा टाकली आणि लेकीला घेऊन गेले. दादानं आदल्या दिवशीच भोंगा टांगला होता. सकाळी मी चहा न घेताच रानात गेले. लेक मागून आली. ऊन लिंबाच्या फांद्यांतून उतरून सोलरच्या पाटीवर आलं. भोंगा खरखरला, आणि त्यातून काहीच आलं नाही. नुसती खरखर. पुन्हा खरखर. चिमण्यांचा एक थवा खुशाल कणसांवर येऊन बसला.

मी बटणं दाबली. भोंगा हलवला, आपटला. दादाला हाक मारणार तोच लेक म्हणाली, "ते बिघडलं नाहीये. मी पुसलंय."

"कधी?"

"मागच्या वर्षीच. मामानं माळ्यावर टाकला त्याच दिवशी."

मी तिच्या थोबाडीत मारली. माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं, हे माझं आयुष्यभराचं आहे. पण पोरीवर मी कधी हात टाकला नव्हता. टाकायला ती माझ्याजवळ होतीच कधी? मी ओरडत होते. तुला कोणी सांगितलं पुसायला, तुझी एकटीची होती का ती, माझी आई होती. असलं सगळं. ती गालाला हातही न लावता उभी राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "मला माहीत होतं तो भोंगा आहे ते."

"कधी माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तू फोन केलास तेव्हा. कोंबडा आरवला ना. मीच भरलेलं, मला नाही कळणार?" तिचा आवाज बारीक होत गेला. "मला आनंद झाला होता. आजीनं शेवटी माझा भोंगा लावला म्हणून. म्हटलं आज बसली असेल आरामात. म्हटलं मध्ये गेले तर लाजेल आणि परत बंद करेल. म्हणून नाही गेले. मुद्दाम नाही गेले. आणि रात्री सगळ्यांना खोटंच सांगितलं."

मी खाली बसले. म्हणजे तिसऱ्या दिवशी अंगणात मी साठ माणसांसमोर खोटं बोलले तेव्हा हिला ते खोटं आहे हे माहीत होतं. वर्षभर मी तिला सांभाळतेय असं मला वाटत होतं, आणि तिनं मला सांभाळलं होतं. डबा भरून दिला होता.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "तुला हे सगळं कळतं दवाखान्यातलं. खरं सांग. मी गेले असते तर?"

मेलेल्या माणसाच्या घरच्यांना आम्ही एक वाक्य सांगतो. तुम्ही काही करू शकला नसता. मी ते शेकडो वेळा बोललेय, ते माझ्या तोंडात आपोआप येतं, आलंही होतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की ते बाहेर पडेना. शिवाय मी एकदा खोटं बोलून बघितलं होतं. त्यानं काय झालं ते समोरच होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "कदाचित वाचली असती. कदाचित तू फोन बाहेर धरलास तेव्हाच ती गेलेली होती. मला खरंच माहीत नाही. आणि मीही ऐकलं होतं. तिनं फोन उचलला नव्हता, तरी मी तुला जा, बघून ये म्हणाले नाही. मी तुझ्या कोंबड्यावर हसले."

तिनं मान हलवली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. चिमण्या कणसं फोडत होत्या आणि आमच्यातलं कोणी त्यांना हाकत नव्हतं. मग तिनं अगदी साध्या आवाजात, बस कितीची आहे असं विचारावं तसं विचारलं, "मग आता मला परत इथं ठेवून जाणार?"

वर्षभर तिचं ते शहाणं वागणं, सांगितलेलं सगळं ऐकणं, रोज दारात येऊन "सकाळी येशील ना" विचारणं, सगळं मला त्या एका वाक्यात कळलं. तिला आजीच्या मरणाची भीती होती तेवढीच मी सोडून जाण्याची होती. दीड वर्षाच्या पोरीला तिनं काहीही केलं नसताना मी इथं सोडून गेले होते. आता तर तिनं काहीतरी केलं होतं, असं तिला वाटत होतं. आणि मी मघाशीच तिला सांगितलं होतं की आजी माझी आई होती.

मी "नाही" म्हणाले. दोनदा म्हणाले. तिनं "बरं" म्हटलं आणि माझ्या पदराला लागलेलं कुसळ काढून टाकलं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघी मंचरला आलो. ती खिडकीशी बसली होती, पण सगळी वाट तिनं पिशवीचा दुसरा बंद धरून ठेवला होता, जो माझ्या हातात होता. माझं ते "नाही" तिला खरं वाटलं का, मला अजून कळलेलं नाही.